पुडीतले सत्य आणि प्रयोगशाळेचा अहवाल

अमली पदार्थ पकडल्याच्या बातमीला आता एक ठरावीक रूप आले आहे. रांगेत उभे असलेले पोलीस अधिकारी, पुढे टेबलावर मांडलेल्या पांढऱ्या भुकटीच्या पिशव्या, त्यांचे वजन आणि आंतरराष्ट्रीय बाजारातील किंमत म्हणून सांगितला जाणारा कोट्यवधींचा आकडा. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते, नागरिक सुस्कारा टाकतात आणि विषय संपतो. खरे पाहता तो तेथे सुरू होतो. त्या पिशवीतील भुकटी नेमकी कोणती, तिचा नमुना कोणी व कोणासमोर काढला, तो प्रयोगशाळेत केव्हा पोहोचला आणि अहवाल केव्हा आला, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर आरोपीला शिक्षा होणार की तो हसत बाहेर पडणार, हे ठरते. या उत्तरांचे छायाचित्र कोणी काढत नाही.

मुंबई, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात ज्या पदार्थाने गेल्या दशकात सर्वाधिक घरे पोखरली, तो म्हणजे मेफेड्रोन. रस्त्यावर त्याला ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात. हा पदार्थ प्रयोगशाळेत प्रथम तयार झाला १९२९ साली. पण पुढील सात दशके तो रसायनशास्त्राच्या कागदपत्रांतच पडून होता. २००३च्या सुमारास कोणीतरी त्याची कृती पुन्हा उकरून काढली आणि काही वर्षांत युरोपातील नाचगाण्याच्या क्लबांतून त्याचा फैलाव झाला. कायद्याच्या यादीत नाव नसल्यामुळे ब्रिटनमध्ये तो ‘झाडांचे खत’ म्हणून, ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे वेष्टनावर छापून उघडपणे विकला जात होता. एप्रिल २०१०मध्ये ब्रिटनने त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ५ फेब्रुवारी २०१५ रोजी तो एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे १९८५च्या अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या कक्षेत आला. तोपर्यंत मुंबईत तो विकणाऱ्याला पकडले, तरी नेमके कोणते कलम लावायचे हा प्रश्न पोलिसांपुढे असे. या दिरंगाईच्या काळात विक्रीचे जाळे पक्के विणले गेले आणि ते अजून उसवलेले नाही.

१९८०च्या दशकात ‘गर्द’ने पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला प्रथम हादरवले, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. गर्दसाठी अफू लागते आणि अफूसाठी शेत, सीमा व तस्कर लागतात. एमडीला यांपैकी काहीच लागत नाही. तो संपूर्णपणे रसायनांतून बनतो. त्यासाठी बंद पडलेला एखादा गाळा, काही उपकरणे आणि रसायनशास्त्र शिकलेला एक भरकटलेला माणूस पुरतो. ऑगस्ट २०२२मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात सुमारे ७०० किलो एमडी पकडले. ऑक्टोबर २०२३मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखाना उघडकीस आला. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीपासून दिल्लीपर्यंत आणि सांगलीपर्यंत धागे शोधत दीड हजार किलोहून अधिक साठा जप्त केला. दिल्ली वगळता ही सारी नावे आपल्याच राज्याच्या नकाशावरची आहेत. विष बाहेरून येते, ही आपली जुनी समजूत एमडीने खोटी ठरवली आहे. ते आपल्या औद्योगिक वसाहतींत शिजते आहे.

नवी मुंबईने या गोष्टीकडे अधिक सावधपणे पाहिले पाहिजे. ठाणे-बेलापूर मार्गालगतचा रासायनिक पट्टा आणि तळोज्याची औद्योगिक वसाहत हे या शहराचे आर्थिक बळ. न्हावा-शेवा बंदर शेजारी. ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेले विमानतळही आता शहराच्या पदरात आहे. वाशी-नेरुळपासून खारघर-पनवेलपर्यंत महाविद्यालये, वसतिगृहे आणि घरापासून दूर, भाड्याच्या सदनिकांत राहणारी तरुण मुले. ज्या गोष्टींमुळे शहर वाढते, त्याच गोष्टी या धंद्यालाही सोयीच्या असतात. २०२२च्या ऑक्टोबरच्या आरंभी वाशी येथे महसूल गुप्तचर संचालनालयाने संत्र्यांची खोकी वाहून नेणारा एक ट्रक अडवला, तेव्हा त्यात १९८ किलो मेथॅम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन सापडले होते. जानेवारी २०२५मध्ये मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत ‘नशामुक्त नवी मुंबई’ मोहिमेचा प्रारंभ झाला, तो या पार्श्वभूमीवर. मोहीम स्वागतार्हच आहे. परंतु घोषणा, फेऱ्या आणि छापे यांच्या मागे प्रयोगशाळेचे बळ उभे नसेल, तर तिचे फलित न्यायालयाच्या पायरीवर सांडून जाईल.

हा पदार्थ शरीरात काय करतो, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. येमेन-इथिओपियात चघळल्या जाणाऱ्या ‘खत’ नावाच्या झुडपाच्या पानांत कॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य असते. मेफेड्रोन हे त्याच कुळातील कृत्रिम अपत्य. ते मेंदूतील डोपामाइन आणि सेरोटोनिन या रसायनांचा साठा एकदम मोकळा करते. नाकाने ओढल्यास काही मिनिटांत उत्साह, बडबड, जवळिकीची भावना उसळते आणि दोन-तीन तासांत ओसरते. या ओसरण्यातच सापळा आहे. गेलेला आनंद परत आणण्यासाठी त्याच रात्री दुसरी, तिसरी, चौथी मात्रा घेतली जाते. हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात, शरीर तापते, दातावर दात घासले जातात, झोप उडते, नाकातून रक्त येते. पुढे भास होतात. कोणीतरी पाठलाग करते आहे, असा संशय मनात घर करतो. काहींना झटके येतात, काहींचे हृदय दगा देते. या विषावर उतारा म्हणून देता येईल असे औषध नाही. डॉक्टर तापमान, रक्तदाब आणि झटके आवरतात व शरीराला सावरण्यास वेळ देतात. म्हणूनच रुग्णालयात पोहोचण्यास लावलेला प्रत्येक तास महाग पडतो.

आता प्रयोगशाळेकडे वळू. घटनास्थळी पोलीस जी चाचणी करतात, ती रंगाची. भुकटीच्या कणावर ठरावीक रसायनाचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. मार्क्विस नावाचे जे द्रावण जगभर वापरले जाते, ते ‘एक्स्टसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एमडीएमएच्या संपर्कात जांभळट काळे होते; मेफेड्रोनवर मात्र ते जवळपास रंग दाखवत नाही, फार तर फिकट पिवळे होते. मुंबईत ‘एमडी’ म्हटले की मेफेड्रोन समजतात आणि अन्यत्र त्याच अक्षरांनी एमडीएमए ओळखतात. विकणाऱ्याला स्वतःलाही पुष्कळदा पुडीत काय आहे, हे ठाऊक नसते. घेणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे रंगाची चाचणी हा संशयाचा आधार होऊ शकतो, निकालाचा नाही.

निकाल देते ते जीसीएमएस या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे यंत्र. त्याच्या पहिल्या भागात मिश्रणातील घटक एकमेकांपासून वेगळे होतात. कोणता घटक किती वेळाने बाहेर पडतो, याची नोंद होते. दुसऱ्या भागात त्या घटकाच्या रेणूचे तुकडे केले जातात आणि तुकड्यांच्या वजनांचा आलेख निघतो. हा आलेख म्हणजे रेणूच्या बोटांचा ठसा. परंतु मेफेड्रोनची जुळी भावंडे आहेत. अणू तेवढेच, वजन तेवढेच, फक्त एका गटाची जागा बदललेली. त्यांचे ठसे इतके सारखे असतात, की केवळ तुकड्यांच्या आलेखावरून फरक सांगणे अवघड जाते. त्यासाठी शुद्ध प्रमाणित नमुना शेजारी ठेवून बाहेर पडण्याची वेळ ताडून पाहावी लागते किंवा अवरक्त किरणांच्या वर्णपटाची जोड द्यावी लागते. कायद्याच्या यादीत कोणत्या रेणूचे नाव आहे आणि पुडीत कोणता रेणू आहे, हे बचाव पक्षाचा अभ्यासू वकील विचारणारच. त्या वेळी उत्तर देणारा विश्लेषक प्रशिक्षित हवा, प्रमाणित नमुना उपलब्ध हवा आणि यंत्र चालू स्थितीत हवे.

या काटेकोरपणाची किंमत दोन उदाहरणांवरून कळते. मार्च २०१०मध्ये ब्रिटनमधील स्कन्थॉर्प येथे दोन तरुणांचा मृत्यू झाला. मेफेड्रोनचे बळी म्हणून देशभर गदारोळ उठला आणि बंदीच्या मागणीला त्यातून धार आली. बंदी लागू झाल्यानंतर मे महिन्यात विषविज्ञान तपासणीचे निष्कर्ष बाहेर आले; दोघांच्याही शरीरात मेफेड्रोनचा अंश नव्हता. पदार्थ घातक होताच, बंदीही योग्यच होती. पण त्या दोन मुलांच्या आईवडिलांना खरे कारण कळण्यासाठी प्रयोगशाळेचीच वाट पाहावी लागली.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. मेफेड्रोन कायद्याच्या यादीत आल्यानंतर अवघ्या महिनाभरात, मार्च २०१५मध्ये, सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या गावच्या घरातून शंभर किलोहून अधिक पांढरी भुकटी जप्त झाली. मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातील त्याच्या कपाटातही आणखी साठा मिळाला. राज्यभर खळबळ माजली. अटका झाल्या, पोलीस दलाची अब्रू पणाला लागली. आणि पुढे प्रयोगशाळेच्या तपासणीत ती भुकटी मेफेड्रोन नसून मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे चायनीजच्या गाड्यांवर वापरले जाणारे अजिनोमोटो असल्याचे निष्पन्न झाले. जे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले, ते विज्ञानाच्या कसोटीवर टिकले नाही. या प्रकरणावर पुष्कळ हसून झाले. त्यातला धडा मात्र आपण घेतला का, हा प्रश्न अजून उभा आहे.

प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मेफेड्रोनच्या बाबतीत दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि ५० ग्रॅमपासून व्यावसायिक प्रमाण मानले जाते. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी. व्यावसायिक प्रमाणात जामीन मिळणे कलम ३७मुळे अत्यंत दुरापास्त. २०२०मध्ये हीरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातील भेसळीसह एकूण वजन धरावे, असा निर्णय दिला. पण त्या मिश्रणात प्रतिबंधित पदार्थ मुळात आहे, हे तर आधी सिद्ध व्हावेच लागते. अहवाल महिनोन् महिने आला नाही, तर एखादा निरपराध तरुण तुरुंगात खितपत पडतो. अहवाल आला पण नमुना काढण्याची रीत चुकलेली असली, तर मुरलेला विक्रेता सुटतो आणि चौथ्या दिवशी त्याच महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभा राहतो. दोन्ही अन्यायच, आणि दोन्हींचे मूळ एकच.

नियमांची वाण आहे, असेही नाही. जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले जावेत, हे कायद्याच्या कलम ५२-अमध्ये आहे आणि २०१६मध्ये मोहनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते बजावून सांगितले आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार नमुना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत प्रयोगशाळेने अहवाल द्यावयाचा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद केली असून तिच्या पूर्ततेसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कागदावर सारे उत्तम आहे. दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळांतील रिक्त पदे आणि साचलेले नमुने हा विषय विधिमंडळात आणि न्यायालयांत पुनःपुन्हा उपस्थित होत आला आहे. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील विश्लेषक खुनापासून विषबाधेपर्यंत साऱ्या प्रकरणांचे ओझे वाहतात. त्यांच्या टेबलावरील ढिगात नवी मुंबईची एक पुडी किती दिवस थांबावी, याचा विचार शासनाने केला पाहिजे.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाने दरवर्षी जप्तीचे आकडे जाहीर करताना किती नमुन्यांचे अहवाल पंधरा दिवसांत आले, किती थकले आणि किती खटल्यांत दोष सिद्ध झाला, हेही जाहीर करावे. रासायनिक उद्योगाची एवढी मोठी वस्ती असलेल्या या शहरासाठी अमली पदार्थांच्या विश्लेषणाची स्वतंत्र, सुसज्ज व्यवस्था उभारावी. महापालिकेच्या रुग्णालयांत अत्यवस्थ स्थितीत येणाऱ्या तरुणांचे रक्त-लघवीचे नमुने योग्य पद्धतीने घेतले जावेत. मेफेड्रोन साठवलेल्या रक्तातही विघटित होत जाते; फ्लोराइडयुक्त नळी आणि थंड साठवण नसेल, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पुरावा विरून जातो. बंद कारखान्यांचे गाळे भाड्याने देताना भाडेकरू काय बनवतो, याची विचारपूस मालकाने आणि औद्योगिक विकास महामंडळाने करावी. या पट्ट्यात आयुष्य घालवलेले शेकडो प्रामाणिक रसायनतज्ज्ञ आपल्या शेजारीच राहतात. कोणत्या रसायनाची खरेदी कोठे शोभत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? त्यांच्या जाणकारीचा उपयोग यंत्रणेने सन्मानाने करून घ्यावा.

शासनाकडे मागणी करताना घराकडे पाठ फिरवून चालणार नाही. एमडीला दारूसारखा ओळखीचा वास नाही, सुईच्या खुणा बहुधा नाहीत. रात्र रात्र जागरण आणि मग दोन दिवस झोप, भूक मंदावणे, झपाट्याने उतरलेले वजन, अकारण चिडचिड, खोलीला आतून कडी, पैशांचा न लागणारा हिशेब, जुने मित्र अचानक तुटणे, ही चिन्हे दिसली तर बोलले पाहिजे. काही पालक औषधाच्या दुकानातून लघवी तपासणीचा संच गुपचूप आणतात. तेथेही सावधगिरी हवी. सामान्य संचांतील उत्तेजकांची चाचणी मेफेड्रोन पुष्कळदा पकडतच नाही. शिवाय सेवनानंतर दोन-तीन दिवसांनी लघवीतील अंशही नाहीसा होतो. उलट सर्दीच्या काही साध्या औषधांनी चाचणी खोटी बोलू शकते. नकारात्मक पट्टी म्हणजे निर्धास्तपणाचा दाखला नव्हे आणि सकारात्मक पट्टी म्हणजे आरोपपत्र नव्हे. खात्रीची तपासणी डॉक्टरांमार्फत प्रयोगशाळेतच व्हावी, आणि तीही उपचाराची पहिली पायरी म्हणून.

अनेक घरांत व्यसन कळल्यावर पहिली भीती लोकलज्जेची असते, दुसरी पोलिसांची. लज्जेवर उपाय समाजाने करायचा आहे. पोलिसांच्या भीतीवर कायद्यातच उत्तर आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण केल्यास कलम ६४-अ अन्वये त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. ही तरतूद फारच थोड्या पालकांना ठाऊक आहे. १९८६मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात उभे केलेले ‘मुक्तांगण’ हे महाराष्ट्रात या कामाची वाट घालून देणारे नाव. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी तेथून अनेक घरांत पोहोचली. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही केंद्र सरकारची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. विक्रेत्याची माहिती देण्यासाठी अमली पदार्थ नियंत्रण विभागाची १९३३ ही ‘मानस’ मदतवाहिनी २०२४पासून सुरू आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर, प्रत्येक गणेशोत्सव मंडळाच्या मंडपात आणि प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर असावेत. एवढे काम कोणताही कार्यकर्ता एका रविवारी करू शकतो.

विक्रेत्याला दया नको आणि रुग्णाला शिक्षा नको, हे बोलायला सोपे आहे. कोण विक्रेता, कोण रुग्ण आणि कोण दोन्हींपैकी काहीच नाही, हे ठरवायचे तर पुरावा लागतो. पुरावा संतापातून तयार होत नाही. सीलबंद पाकीट, वेळेवर निघालेला नमुना, चालू असलेले यंत्र आणि त्यामागे बसलेला, कोणाच्याही दबावाखाली न येणारा विश्लेषक, यांतून तो तयार होतो. आपल्या तरुण पिढीच्या रक्षणाची लढाई छाप्याच्या रात्री सुरू होत असेल. ती जिंकली जाते प्रयोगशाळेत आणि घरात. या दोन्ही ठिकाणी आपली फळी आज अपुरी आहे. ती भरून काढण्याचा आग्रह शासनाकडे धरताना आपल्या घरातील, आपल्या इमारतीतील, आपल्या शाखेच्या परिसरातील एका तरी मुलाशी या विषयावर मोकळेपणाने बोलण्याचा संकल्प प्रत्येक वाचकाने करावा.